दुसरं ताट

४ मार्च

ताई,

हे पत्र तू उघडशील की आधीच्यांसारखं खणात टाकशील, माहीत नाही. पण पाकीट जरा जाड आहे. हाताला लागेल तेव्हा कळेल की या वेळी नुसती खुशाली नाही.

ते पुस्तक परत येतंय. तळ्यावरच्या घराचं. नवी आवृत्ती, आणि सोबत ऐकायचं पुस्तकही. म्हणजे कोणीतरी ते पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायचं आणि लोकांनी भांडी घासताना, बसमधून जाताना कानात घालून ऐकायचं. वाचायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी हो म्हणून बसलेय.

मी आवाजाचं काम करते हे मावशीनं तुला कळवलं असेलच. पुस्तकं वाचते. बँकेच्या फोनवर ‘कृपया थोडा वेळ थांबा’ म्हणते तीही मीच. तू कधी फोन धरून ताटकळली असशील, तर आपलं बोलणं झालेलं आहे, तुला माहीत नाही इतकंच.

मी कोण ते तिथं कोणाला ठाऊक नाही. पुस्तकात आपण फक्त थोरली आणि धाकटी. हो का म्हणाले, ते सांगते. दुसरी कोणीतरी काचेच्या खोलीत बसून, पाणी पीत, ‘थोरली’ हा शब्द तोंडात घोळवणार, हे मला सहन होईना. तुला हाक मारायचीच असेल तर ती मी मारीन.

मावशीला सांगितलं तेव्हा ती मोजे रफू करत होती. दात लावून दोरा तोडला आणि म्हणाली, “त्या पुस्तकाला मी पायपुसणं म्हणूनसुद्धा दारात ठेवणार नाही.”

“मावशी, मी नाही तर दुसरी कोणीतरी वाचेल.”

“वाचू दे. तिला रात्री झोप लागेल, तुला लागणार नाही. एवढाच फरक.” मग मोज्यात हात तसाच ठेवून तिनं विचारलं, “ताईला कळवलंस?”

म्हणून हे पत्र. तुझ्याकडे समुद्र आहे म्हणे, अगदी दुकानाच्या दारापर्यंत. होड्यांची शिडं शिवताना ती मांडीवर घ्यावी लागतात का? एवढं मोठं कापड मांडीवर घेऊन बसलेली तू, असं मी कधीकधी डोळ्यांसमोर आणते. चेहरा मात्र नीट दिसत नाही. कापडच दिसत राहतं.

तुझी,
भुंगी


१५ मार्च

ताई,

स्टुडिओ म्हणजे चपलांच्या गोदामावरची एक खोली. भिंतींना फोम, एकामागे एक दोन दारं, खिडकी नाही. दार लागलं की जगाच्या कानात कोणीतरी बोळा घातल्यासारखं होतं. आपण गिळलेला आवंढासुद्धा आपल्याला ऐकू येतो. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा बसतो. सगळे त्याला कानसेन म्हणतात. परवा मला थांबवून म्हणाला, “मॅडम, आधी काहीतरी खाऊन या. मघापासून तुमचं पोट तुमच्यापेक्षा चांगलं वाचतंय.”

मामाचं प्रकरण, तळ्यावरचं घर त्यानं कसं मांडलं ते, मी एका दमात वाचून काढलं. ज्यानं इतक्या माणसांना मामा बनवलं तो स्वतःलाच मामा म्हणवून घ्यायचा, ही गंमत पुस्तकवाल्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. किंवा त्याला तिथं गंमत करायची नसेल. बाहेरचं जग हे एक वाईट स्वप्न आहे आणि आपण सगळे हळूहळू जागे होतोय, हे मामाचं बोलणं त्यानं जसंच्या तसं दिलंय. जे घर सोडून जायचं म्हणाले, ते तळ्यात तरंगताना सापडले. मामा म्हणाला, ‘त्यांना झोप आवरली नाही.’ हे वाचताना माझा आवाज इतका मऊ लागला की मलाच भीती वाटली. आपोआप त्याच्यासारखा लागला.

पुस्तकात तळं हिरवं आहे. माझ्या आठवणीत ते पांढरं आहे. कदाचित मी चादरी आणि तळं यांची गल्लत करत असेन. दोऱ्यांवर ओळीनं चादरी वाळत असायच्या आणि मी त्यांच्यामधून चालायचे, गुणगुणत. ऊन कापडातून गाळून यायचं. एका टोकाला आई, कोपरापर्यंत ओले हात. दुसऱ्या टोकाला तू, पाठमोरी, आणि मला फक्त तुझी वेणी दिसायची. ती धरली की मी पोचले. त्या घरात माणसं मारली जात होती, ताई, आणि मला मात्र तिथलं सगळ्यात जास्त आठवतं ते ऊन. कोणाला सांगणार हे?

पुस्तकात ती किल्लीवालीही आहे. नवऱ्यानं मुलाला घेऊन तळ्यावरचं घर धरलं, म्हणून फाटकाच्या कुलपाला किल्ली घडवून आलेली. तोवर मामानं कुलूप बदललं होतं. पुढं मामावरच्या खटल्यात ती रोज यायची, शेवटच्या बाकावर बसायची, असं लिहिलंय. तू तिला पाहिलं असशील.

काल शेवटच्या दुपारपर्यंत पोचलो. पोलीस येणार याची कुणकुण लागल्यावर मामा सगळ्यांना मोठ्या खोलीत गाद्या घालायला लावतो, तिथपर्यंत ठीक होतं. आई गोड पाणी कालवते, तेही वाचलं. पुढं हे आहे:

‘थोरली ताट घेऊन ओळींमधून फिरत राहिली. पेल्यांत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. धाकटी आतल्या खोलीत गाढ झोपेत होती, म्हणून वाचली.’

हे तीन वाक्यांचं काम माझ्याच्यानं झालं नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा बिघडलं. कानसेननं कानावरचं काढलं आणि म्हणाला, “आत माशी शिरलीय का हो?”

“नाही. का?”

“गुणगुण येतेय.” त्यानं मला ऐकवलं. शेवटच्या वाक्याच्या आधी मी श्वास घेते आणि गुणगुणायला लागते. माझ्या नकळत. लहानपणी गुणगुणायचे तसं, ज्याच्यावरून तू मला भुंगी म्हणायला लागलीस तसं. आणि मग ते एकदम तुटतं. कोणी तोंडावर हात ठेवावा तसं.

कानसेन म्हणाला, “आज राहू द्या.”


२१ मार्च

तोंडावर हात होता, ताई. तुझाच.

त्या दिवसानंतर मी दुपारची आडवी पडले की ते थोडं थोडं वर येतं, पाण्यातून काहीतरी वर यावं तसं, आणि मी उठून बसले की परत खाली जातं. म्हणून मी उठायचं सोडून दिलं. पडून राहिले. हाताला साबणाचा वास होता. आजूबाजूला खोळी, गाद्यांच्या धुतलेल्या खोळींचा ढीग, आणि मी त्याच्या आत. तू वाकून म्हणालीस, “भुंगे, आता आवाज बंद. मी हाक मारेपर्यंत गुणगुणायचंसुद्धा नाही.” फटीतून जमिनीचा एक तुकडा दिसत होता. त्याच्यावर ऊन. तुझे पाय आले, गेले. गाणं माझ्या घशात भरून आलं होतं आणि मी ते गिळत होते. मी झोपले नव्हते. क्षणभरसुद्धा नाही.

मग पुस्तकवाल्यानं तसं का लिहिलं?

मी त्याच्याकडे गेले. हो, पत्ता शोधून गेले. रागावू नकोस, आणि हे पत्र टाकायचंच असेल तर निदान इथून पुढचं वाचून टाक.

तो म्हातारा झालाय. मुलीकडे राहतो. बाल्कनीत बसून बुटांना पॉलिश करत होता. मुलगी म्हणाली, “कुठं जायचं नसतं त्यांना, पण बूट तयार लागतात.” त्यानं मान वर न करता म्हटलं, “आवाज ओळखीचा वाटतोय.”

“बँकेचा फोन,” मी म्हणाले. “आणि आता तुमचं पुस्तकही मीच वाचतेय.”

“अरे वा. कसं चाललंय?”

“एका वाक्याशी अडलंय. धाकटी झोपेत नव्हती.”

ब्रश थांबला. “असं कोण म्हणतं?”

“धाकटी.”

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलाय, किती दिसत असेल कोण जाणे. मग बूट शेजारी नीट जोडीनं ठेवले आणि म्हणाला, “बस, बाळ.”

त्यानं सांगितलं ते असं. तू अठराची झालीस तेव्हा आपणहून त्याच्याकडे गेली होतीस. पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं. तू त्याला म्हणालीस की पहिलं ताट नेलं तेव्हा तुला खरंच काही माहीत नव्हतं. पण रिकामं ताट घेऊन परत येताना तू पहिल्या ओळीकडे वळून पाहिलंस, आणि कळलं. स्वयंपाकघरात आईनं दुसरं ताट भरून ठेवलं होतं. आईला तू काहीतरी बोललीस. ती म्हणाली, “घाबरू नकोस गं, सगळे मिळून तर जातोय.” आपल्या दोघींचे पेले तू मोरीत ओतलेस. मला खोळींमध्ये दडवलंस. आणि बाहेर आलीस तर मामा दारात उभा. त्यानं विचारलं, “धाकटी?” तू म्हणालीस, “प्यायली. झोपली.” तो आतल्या खोलीकडे निघाला. तेव्हा तू दुसरं ताट उचललंस आणि म्हणालीस, “मामा, चला, हे उरलेत.” आणि तो तुझ्या मागोमाग मोठ्या खोलीत गेला.

मी म्हाताऱ्याला म्हणाले, “हे तुम्ही लिहिलं नाहीत.”

“तिनं लिहू दिलं नाही. म्हणाली, ‘धाकटीला मी लपवलं असं लिहिलंत, तर दुसरं ताट का उचललं तेही लिहावं लागेल. त्यापेक्षा ती झोपली होती असं लिहा.’ मी म्हटलं, ‘पोरी, तू चौदा वर्षांची होतीस. तुला कोण दोष देणार?’ तर म्हणाली, ‘माझं जाऊ द्या. ती मोठी झाल्यावर वाचेल ना.’”

मला तेव्हा कळलं नाही, ताई. मी विचारलं, “काय वाचेल?”

“की तिच्यापायी ते ताट उचललं गेलं.”

मुलीनं चहा आणून ठेवला. कोणी घेतला नाही. खाली रस्त्यावर कोणीतरी गालिचा झटकत होतं आणि धूळ उन्हात वर यायची, थांबायची, जायची. मला वाटलं, मी अजूनही फटीतूनच बघतेय.

इतकी वर्षं मला वाटायचं, पुस्तक आलं, लोक तुला ‘ताटवाली’ म्हणायला लागले, म्हणून तू गेलीस. तिला ठाऊक नव्हतं असं छापूनही ते म्हणालेच. पण तू लोकांपासून गेली नव्हतीस. माझ्यापासून गेलीस. समोर राहिली असतीस तर कधीतरी मी विचारलं असतं, आणि तुला खोटं बोलता आलं नसतं. तुला माझ्याशी खोटं बोलायला कधीच जमलं नाही. मामाशी जमलं, माझ्याशी नाही.

आता मुद्द्याचं. प्रकाशकानं त्याच्याकडून नवं प्रकरण मागितलंय, इतक्या वर्षांनी मागं वळून पाहताना, असं काहीतरी. जाताना त्यानं माझा हात धरला. “माझे फार दिवस उरलेले नाहीत. जाणूनबुजून लिहिलेलं एवढं एकच खोटं आहे त्या पुस्तकात. ते दुरुस्त करू की तसंच ठेवू?”

मी म्हणाले, “ते मी सांगणारी कोण? ताईला विचारते.”

तर विचारतेय. तू जे म्हणशील ते. मी तेच वाक्य, आहे तसं, अगदी स्वच्छ आवाजात वाचून देईन, कोणाला संशयसुद्धा येणार नाही. नाहीतर नवं वाचीन. आणि एक, माझ्याबद्दल. मी हे ओझं घेऊन पडणार नाही. मी चाळिशीतली बाई आहे, गुडघे दुखतात, टॅक्सीवाल्यांशी भांडते. मला आता सांगितलंस तर चालेल.

भुंगी


२ एप्रिल

ताई,

तुझा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत होते. मावशीला आताशा ऐकू कमी येतं, त्यामुळे तिनं मला जे सांगितलं ते असं: “ताईचा फोन होता. म्हणाली, शिडी घेऊन येते.”

“शिडी?”

“शिडी की शिडं, मला काय ठाऊक! तुझ्या आवाजाची सवय, बाकी कोणाचं धड ऐकूच येत नाही.”

मग मी परत लावला, आणि तू उचललास. दोघी नुसत्या श्वास ऐकत बसलो. कानसेन असता तर म्हणाला असता, बाई, काहीतरी बोला, टेप चाललीय. शेवटी तू म्हणालीस, “शिडांचं काम आटोपून येते, म्हटलं होतं मी.” आणि मग, “छापू दे त्यांना. पण छापायच्या आधी त्या किल्लीवालीला मी सांगणार. तिनं पुस्तकात वाचायचं नाही.”

तिचा पत्ता म्हाताऱ्याकडून घेतलाय. बसस्थानकामागच्या गल्लीत तिचं दुकान अजून आहे. मी तुला घ्यायला येईन. तुला ओळखता येईल ना मला? मी आईसारखी दिसते असं मावशी म्हणते. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुला धक्का बसायला नको.

भुंगी


१९ एप्रिल

ताई,

तू परत पोचलीस हे कळलं. मावशी आज सकाळी तुझ्या नावानं ओरडत होती की गेलीस ती तिची रफूची सुई घेऊन गेलीस. खूश आहे. इतक्या वर्षांनी तुझ्याबद्दल तक्रार करायला मिळाली.

नवं प्रकरण परवा वाचलं. ‘थोरलीला ठाऊक होतं’ असं सुरू होतं. एकदाही अडखळले नाही. शेवटी कानसेन दार उघडून आत आला आणि मला पाण्याचा ग्लास दिला. त्याला कळलंय बहुतेक. त्याचे कान.

पण हे पत्र ते सांगायला नाही. किल्लीवालीच्या दुकानात त्या दिवशी तू मान खाली घालून बसली होतीस. शेवटपर्यंत वर पाहिलंच नाहीस. म्हणून काही गोष्टी तुला दिसल्या नाहीत. त्या लिहिते.

आपण आत शिरलो तेव्हा तिनं तुला ओळखलं. तू नाव सांगायच्या आधीच. भिंतभर किल्ल्या लटकत होत्या आणि ती खाली स्टुलावर, हातात कानस, चष्मा कपाळावर. तुला पाहिलं आणि चष्मा खाली घेतला. तू सांगायला लागलीस. किल्ली कापायचं मशीन चालूच होतं, आणि त्या घरघरीत तू सगळं सांगितलंस, पहिलं ताट, मोरी, खोळी, मामा. ती मधेच म्हणाली, “थांब.” मशीन बंद केलं. “आता परत सांग.” आणि तू परत सांगितलंस, पहिल्यापासून.

तेवढ्यात तो माणूस किल्ली करायला आला, आठवतं? तुला वाटलं असेल, ती आता ओरडेल, आपल्याला घालवून देईल. मलाही वाटलं. तिनं त्याची किल्ली घेतली, करून दिली, कुलपात घालून दोनदा फिरवून दाखवली. पण तो गेल्यावर ती दाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिची पाठ, ताई, ती पाठ मी विसरणार नाही. श्वास कुठून घ्यायचा हे विसरल्यासारखी.

तिनं वळून विचारलं, “माझा दुसऱ्या ताटात होता?”

“हो,” तू म्हणालीस.

“हिला लपवलंस. माझ्या मुलाला का नाही?”

मी वाट बघत होते, तू म्हणशील जागा नव्हती, वेळ नव्हता. मी तुझ्या जागी असते तर तेच म्हणाले असते. तू म्हणालीस, “मला हिच्याशिवाय कोणी आठवलंच नाही.”

ती तुझ्याकडे बघत राहिली. राग होता, हे मी खोटं सांगणार नाही. इतका होता की मी माझी पर्स घट्ट धरली. पण ती खाली बसली. स्टुलावर नाही, तुझ्यासमोर जमिनीवर, मांडी घालून, या वयात. मला वाटलं तिला चक्कर आली. तिला तुझं तोंड बघायचं होतं आणि तू मान वर करत नव्हतीस, म्हणून ती खाली बसली.

“वकिलांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी पेल्यात काय होतं तेच विचारलं. तो काही बोलला का, ते कोणी विचारलं नाही. तू होतीस ना समोर? बोलला काही?”

मला वाटलं, आता तू उठणार आणि परत समुद्राकडे निघून जाणार. मग तू अगदी हळू म्हणालीस, “पेला घेतला नाही लगेच. त्याचा दात हलत होता. मला हलवून दाखवत होता.”

“दात?”

“हो.”

“माझ्याकडून नेला तेव्हा त्याचे सगळे दात घट्ट होते.” तिचा आवाज बदलला. “कुठला हलत होता? वरचा की खालचा?”

“खालचा. पुढचा.”

तू तेव्हा रडायला लागलीस आणि ओंजळीत तोंड घेतलंस, म्हणून तुला दिसलं नाही. ती हसली असं मी म्हणणार नाही. तिनं डोळे मिटले, आणि जीभ खालच्या दातांमागे नेऊन पुढचा दात हळूच बाहेर ढकलून पाहिला, पोरं बघतात तसा.

तुझी,
भुंगी